मांडणीवरचे तुकडे

कोडचे तुकडे जपून ठेवून परत वापरताना काय चुकतं ते मला मागच्या पावसाळ्यात कळलं. एका रात्री सेक्रेटरी काकांचा फोन आला. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात ते दूध डेअरी बघतात, तिथल्या संकलनाचं सॉफ्टवेअर मी करून दिलंय. म्हणाले, "आरं, चार-पाच जणांची एक-एक सकाळ बिलात कमी हाय. दहा दिवसांत नऊच सकाळ धरल्यात. माझ्या वहीत सगळं हाय, तुझ्या कॉम्प्युटरात न्हाई. लोक मला विचारूलालेत, मी काय सांगू?"

ज्यांना डेअरीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं दुधाचं बिल दहा-दहा दिवसांचं असतं, एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर. माणूस किटली घेऊन येतो, दूध मोजतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघतात, त्यावरनं दर निघतो, पावती मिळते. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या. म्हणजे एका सभासदाच्या नावावर एका तारखेला एकच सकाळ असली पाहिजे. मी डेटाबेस उघडला तर त्या चार-पाच जणांच्या नावावर दहा तारखेला दोन सकाळ होत्या, आणि तिथनं पुढं त्यांची प्रत्येक सकाळ एक-एक दिवस मागं सरकलेली. दहा तारखेचं बिल तर रात्रीच बंद झालेलं, त्यामुळं अकराच्या सकाळचं त्यांचं दूध कुठल्याच बिलात नव्हतं.

का सरकली हे कळायला मला रात्रीचा एक वाजला. अकरा तारखेपासून टँकरची वेळ अलीकडं आली होती म्हणून काकांनी केंद्र पाच वाजताच उघडायला सुरुवात केली होती. आणि ज्यांच्या नोंदी चुकल्या ते सगळे साडेपाचच्या आत येणारे. साडेपाच हा आकडा दिसला आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला, कारण आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगभर धरतात त्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढं असते. पहाटे पाच वाजता खानापुरात अकरा तारीख असते तेव्हा यूटीसीमध्ये दहा तारखेचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. माझा कोड तारीख काढताना काय करत होता, तर आत्ताची वेळ घे, टू-आयएसओ-स्ट्रिंग कर, म्हणजे तिचा मजकूर बनव, आणि त्याची पहिली दहा अक्षरं कापून घे. जावास्क्रिप्ट ह्या भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तरी लिहिलेलं असतंय. ती स्ट्रिंग यूटीसीमध्ये येते.

मला जास्त लागलं ते पुढचं. हा तुकडा मी नव्यानं लिहिलाच नव्हता. माझ्या स्निपेट्सच्या, म्हणजे परत-परत वापरायच्या कोडच्या तुकड्यांच्या, फोल्डरमधनं उचलून टाकला होता, खात्रीचा म्हणून. खडेबाजारातल्या एका दुकानाच्या बिलिंगमध्ये तो चार वर्षं चाललाय, एकदाही चुकला नाही. चुकणार कसा, दुकान सकाळी दहाला उघडतं आणि रात्री नऊला बंद होतं, त्या वेळात यूटीसीची तारीख आणि आपली तारीख एकच असते. कोड तोच, अक्षर न अक्षर तेच, फक्त दुकान आणि डेअरी उघडायच्या वेळेत फरक.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या लोकांचे पैसे वहीवरनं धरून दिले, मी कोड दुरुस्त केला, ते झालं. पण पहाटे पाचला येणारे कोण, तर दूध घालून पुढं बेळगावला कारखान्यात कामावर जाणारे लोक. त्यांचं दूध माझ्या फोल्डरमधल्या एका ओळीनं हरवलं होतं आणि ते मला बरेच दिवस जेवू देत नव्हतं.

असंच जेवताना अप्पांना सांगितलं. माझे अप्पा उद्यमबागमध्ये एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होते, छत्तीस वर्षं. आम्ही तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ राहतो, लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा ती मांडणी बघितलेली अजून आठवते, भिंतभर लाकडी फळ्या आणि त्यावर सागवानी पॅटर्न, पंपाच्या बॉडीचे, पुलीचे, व्हॉल्व्हचे, काही माझ्यापेक्षा मोठ्या वयाचे. कास्टिंगची ऑर्डर आली की नवीन काही करायचं नाही, मांडणीवरनं तो पॅटर्न काढायचा, वाळूत दाबायचा, साचा झाला, त्यात धातू ओतायचा. शंभर कास्टिंग एकाच लाकडावर. आपण ज्याला रियुजेबल म्हणतो ते ह्याच्याहून वेगळं काय आहे मला सांगा.

अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या तुकड्यावर काय लिहून ठेवला होतास?"

म्हटलं, काहीच नाही. नाव होतं, आजची तारीख.

"मग लोखंडाच्या पॅटर्नवर स्टील ओतलास की तू."

हे कळायला फाउंड्रीतली एक गोष्ट माहीत पाहिजे. धातू ओतल्यावर गार होताना आकसतो, म्हणून पॅटर्न नेहमी कास्टिंगपेक्षा जरा मोठा करतात. किती मोठा, ते धातूवर ठरतं. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, मीटरमागं साधारण १० मिलिमीटर, स्टीलला साधारण २० मिलिमीटर. पॅटर्नमेकरकडं त्यासाठी वेगळी पट्टी असते, श्रिंकेज स्केल म्हणतात, दिसायला साध्या पट्टीसारखीच पण तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढाच मोठा आखलेला, म्हणजे ड्रॉइंगमधलं माप तसंच्या तसं घ्यायचं आणि आकसणं आपोआप धरलं जातं. प्रत्येक धातूची पट्टी वेगळी. आणि आता मुद्दा असा की पॅटर्न तयार झाल्यावर नुस्तं लाकूड बघून कुणालाच सांगता येत नाही तो बिडासाठी केलाय का स्टीलसाठी. डोळ्याला दोन्ही सारखेच. म्हणून पॅटर्नवर रंगानं लिहायचं, पार्ट नंबर, कोअर बॉक्स (आतली पोकळी करायचे साचे) किती, आणि धातू. अप्पा म्हणायचे की ज्याच्यावर धातू लिहिलेला नाही तो पॅटर्न मांडणीवर ठेवायचाच नाही, खाली ठेवायचा, मग त्याला करायला कितीही दिवस लागलेले असोत.

माझ्या फोल्डरचं नाव मी त्या रात्री बदलून मांडणी केलं. आणि त्यातले दोनशेच्या वर तुकडे खाली उतरवले, म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकले, आणि एक-एक करून तो कशासाठी केलाय ह्याची चिठ्ठी लिहून झाल्यावरच परत वर ठेवायचे असं ठरवलं. ते काम अजून चालू आहे.

ही गोष्ट फक्त आमच्यासारख्या लहान कामांत होते असं नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि साधारण ३७ सेकंदांनी वाट सोडून फुटलं. त्यात दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ मधनं तसंच घेतलं होतं, तिथं ते व्यवस्थित चालायचं. त्यातला एक आकडा ६४ बिटच्या दशांश संख्येतनं १६ बिटच्या पूर्णांकात टाकला जायचा, १६ बिटमध्ये जास्तीत जास्त ३२७६७ मावतं, आणि एरियान ४ च्या उड्डाणात तो आकडा तेवढा कधी वाढायचाच नाही. एरियान ५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा, आडवा वेग जास्त, आकडा मावला नाही, मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रणा बंद पडल्या कारण दोन्हीकडं तोच कोड. आणि जो हिशेब चुकला त्याची एरियान ५ ला जमीन सोडल्यावर गरजसुद्धा नव्हती, जुन्या रॉकेटला लागायचा म्हणून तो चालू राहिला होता. कोड चुकीचा नव्हता हो. ज्या रॉकेटसाठी केला होता त्याच्यासाठी बरोबर होता.

तुकडे जपून ठेवायची पद्धत तर कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. केंब्रिजला एडसॅक नावाचं मशीन होतं, त्यावर पहिला प्रोग्राम ६ मे १९४९ ला चालला, आणि थोड्याच दिवसांत तिथल्या लोकांनी नेहमी लागणारे सबरुटीन, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर करून कपाटात ठेवायला सुरुवात केली. ज्याला पाहिजे त्यानं कपाटातली पट्टी काढायची आणि तिची नक्कल आपल्या पट्टीवर पाडून घ्यायची. कॉपी-पेस्टच की ते. सबरुटीनला हाक मारून परत जागेवर यायची युक्ती डेव्हिड व्हीलरनं काढली ती तिथलीच. आणि प्रत्येक सबरुटीनबरोबर तो कसा वापरायचा, किती जागा खातो, किती वेळ घेतो हे लिहिलेलं असायचं. म्हणजे चिठ्ठी तेव्हापासून आहे, ती आपण सोडली.

सोडली कारण आता ठेवणं फार सोपं झालंय. व्हीएस कोड ह्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये स्निपेट करायचा तर तीन गोष्टी भरायच्या, प्रीफिक्स (हाक मारायचं छोटं नाव), बॉडी (कोड) आणि डिस्क्रिप्शन (माहिती). पहिल्या दोन सगळे भरतात, तिसरी रिकामी. मी तिसरीत आता तीन ओळी लिहितो, हे काय गृहीत धरून लिहिलंय, कुठं चाललंय, आणि कुठं चालणार नाही. तारखेच्या तुकड्याची चिठ्ठी अशी आहे: तारीख एशिया-कोलकाता टाइमझोन, म्हणजे भारताची वेळ, देऊन काढलीय, दिवस महिना वर्ष वेगवेगळे घेऊन जोडलेत, सर्व्हरचं घड्याळ कुठल्या देशातलं आहे ह्याच्याशी संबंध नाही. कुणी म्हणेल सरळ ३३० मिनिटं मिळवली तरी चालतं, चालतं, आपल्याकडं उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं मागंपुढं करत नाहीत म्हणून, पण मग ते चिठ्ठीत लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या तोच तुकडा कुणीतरी परदेशातल्या कामाला लावेल. आणि तुकड्याला लागूनच टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का बघणारा कोड, घड्याळाच्या चार वेगवेगळ्या वेळा देऊन, रात्रीचे बारा, पहाटेचे पाच एकोणतीस, पाच तीस आणि रात्रीचे अकरा एकोणसाठ. टेस्ट म्हणजे पण चिठ्ठीच आहे, फक्त मशीनला वाचता येणारी.

आता पैशांचं बघा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज कॉम्प्युटर ०.३०००००००००००००००४ सांगतो हे आता कॉलेजची पोरंपण जाणतात, म्हणून पैसे पैशातच ठेवायचे, रुपयाचा दशांश करायचा नाही, हे झालं. पण जीएसटीत त्याच्या पुढची अडचण आहे. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल गेला तर कर अर्धा सीजीएसटी (केंद्राचा) आणि अर्धा एसजीएसटी (राज्याचा). ९९ रुपयांच्या मालावर ५ टक्के म्हणजे ४ रुपये ९५ पैसे, ४९५ पैशाचे दोन सारखे भाग होत नाहीत. म्हणून आधी पूर्ण कर काढून अर्धा करायचा नाही, अडीच-अडीच टक्के वेगवेगळे काढायचे, प्रत्येकी २ रुपये ४८ पैसे येतात, बेरीज ४ रुपये ९६. एक पैसा वाढला, पण दोन्ही भाग सारखे राहिले. आणि राउंड करतानाची एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. ९८ रुपये ६० पैशांवर अडीच टक्के काढा, बरोबर २४६ पैसे आणि वर अर्धा. जावास्क्रिप्टचं राउंड त्याला २४७ करतं, पायथॉन ह्या दुसऱ्या भाषेचं राउंड २४६ करतं, कारण पायथॉन बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडं जातो. एकाच कामात दोन्ही भाषा असल्या की स्क्रीनवर एक आकडा आणि छापील बिलावर दुसरा, गिऱ्हाईक समोर उभं. माझ्या मांडणीवर आता राउंडचा स्वतःचा तुकडा आहे, पूर्णांकात चालणारा, दोन्ही भाषांत एकच उत्तर देणारा.

आमच्या भागात तर हे जास्तच, कारण दुकानातनं माल निघाला की अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात. चंदगडला गेला, कोल्हापूरला गेला, गोव्याला गेला, की अर्धा-अर्धा नाही, सगळा आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा कर. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुण्यातल्या माझ्या जुन्या टीमनं लिहिलेल्या बिलिंगमध्ये ह्याचा विचार सगळ्यात शेवटी केला जायचा, आमच्या इथं तो पहिल्या दिवशी करावा लागतो. आणि कराचे टक्के कोडमध्ये लिहायचे नाहीत, टेबलमध्ये ठेवायचे आणि शेजारी कधीपासून ते लिहायचं. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, १२ आणि २८ चे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ राहिले, त्या दिवशी ज्यांच्याकडं तारखेचा कॉलम होता ते निवांत होते.

गावाच्या नावाबद्दल एक छोटंसं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. माझ्याकडच्या पत्त्यांत बेळगाव, बेळगावी, बेलगाम, बेळगांव अनुस्वारासकट, सगळं आहे. मी शोधण्यासाठी ह्या सगळ्यांना एक धरणारा तुकडा केलाय, पिन कोड ५९० आणि ५९१ वर भर देऊन, पण माणसानं पत्त्यात जे लिहिलंय ते छापताना मी बदलत नाही. आधी कुणीतरी हौसेनं सगळं एकसारखं करायचा कोड घातला होता, तो मी काढला. आपल्या गावाचं नाव कसं लिहायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, माझ्या फंक्शननं नाही.

मराठीतनं काम करायला लागल्यावर तुकड्यांची एक वेगळीच फळी तयार झाली आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जीव लावावा वाटतो तो ह्याच फळीवर, कारण ह्यातलं बरंचसं कुठं तयार मिळत नाही.

एका हार्डवेअरच्या दुकानात स्टॉकमध्ये दोऱ्या दोनदा दिसायच्या. दोन्हीकडं अक्षर डोळ्याला हुबेहूब तेच, पण एकीकडं १४० नग आणि दुसरीकडं ३५. दुकानातल्या दोघांचे कीबोर्ड वेगळे. एकाच्या कीबोर्डवरनं ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य असं जायचं. दुसऱ्याच्या कीबोर्डवरनं साधा र, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग य. दिसायला दोन्ही दोऱ्याच. तिसरा प्रकारपण असतो, र च्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एक-एक आकडा देणारं मानक, त्याचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगवेगळे प्रकार एकसारखे करायची पद्धत) लावलं की नुक्तावाला प्रकार ऱ मध्ये बदलतो, पण जॉइनरवाला आहे तसाच राहतो, तो आपण हातानं बदलावा लागतो. मग वाटतं की सगळेच जॉइनर पुसून टाकावेत. तसं करू नका. मी केलं होतं आणि लोकांच्या नोंदीतले कुटुंबाचे इमोजी फुटून वेगवेगळी माणसं झाली, कारण ती जॉइनरनंच जोडलेली असतात. फक्त र, हलन्त आणि जॉइनर हे तीन ओळीनं आले तरच बदलायचं. चिठ्ठीत हे सगळं लिहिलंय.

आकड्यांचंपण आहे. फोनवर मराठी कीबोर्ड लावलेला माणूस नग म्हणून १२५ देवनागरीत टाकतो. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट त्याला आकडाच मानत नाही. पायथॉनचं इंट, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन, मात्र बिनतक्रार एकशे पंचवीस धरतं. आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या पॅटर्नमध्ये, बॅकस्लॅश-डी (कुठलाही एक आकडा) लिहिलं की जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी आकडे, पायथॉनमध्ये देवनागरी, कन्नड सगळे आकडे पास होतात. फोन नंबर तपासायचा एकच पॅटर्न दोन्हीकडं डकवला की सर्व्हरवर देवनागरी नंबर जाऊन बसतो आणि पुढं एसएमएस जात नाही. म्हणून आत येतानाच सगळे आकडे एका जातीचे करून घेणारा तुकडा, तो मी प्रत्येक कामात पहिल्यांदा टाकतो.

एसएमएसचं म्हणाल तर इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, आणि त्याच्या वर गेलं की ६७-६७ चे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पैसे लागतात. त्यात अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजतो ते नाही. श्री म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, चार झाले. डेअरीच्या मेसेजमध्ये आम्ही आधी प्रत्येकाला श्री लावत होतो आणि मेसेज ७० च्या वर जात होता. काकांना श्री काढायला जिवावर आलं, शेवटी आम्ही लिटरचं लि. केलं आणि श्री ठेवला. मला ते बरोबर वाटलं.

मध्यंतरी एका ओळखीच्या पोरानं विचारलं, "दादा, आता एआयला विचारलं की लगेच कोड देतं, मग हे साठवत कशाला बसायचं?" मीपण वापरतो की, रोज वापरतो. पण टँकरची वेळ बदललीय म्हणून खानापुरातली डेअरी पाचला उघडते हे त्याला कोण सांगणार? मीच. आणि मला ते सांगायचं आठवलं असतं तर माझा जुना तुकडापण चुकला नसता. तो कोड देतो ते चांगलं लाकूड आहे, पण आपल्याला कुठला धातू ओतायचाय हे त्याला ठाऊक नसतंय. मी आता उलट करतो, चिठ्ठी आधी लिहितो आणि मग त्याच्याकडनं कोड घेतो, खूप बरा येतो.

आता ज्याच्यात सध्या गुंतलोय ते. हार्डवेअरवाल्यांना बिल मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही पाहिजे, गिऱ्हाईक दोन्हीकडचं. कन्नडमध्ये वस्तूंची आणि गावांची नावं परत टाइप करायची म्हणजे हजारो नोंदी. तर युनिकोडमध्ये एक मजेची सोय आहे. भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या आयएससीआयआय ह्या भारतीय मानकावरनं घेतलीय, त्यामुळं देवनागरी आणि कन्नडमध्ये अक्षरं एकाच क्रमानं बसवलीत. देवनागरी क चा आकडा २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. ळ चा २३५५, कन्नड ळ चा ३२५१. तोच फरक. म्हणजे प्रत्येक अक्षराला ८९६ मिळवले की लिपी बदलली! तीन ओळींचा तुकडा. पहिल्यांदा चालवला तेव्हा पाटील स्क्रीनवर कन्नडमध्ये बरोबर उमटलं आणि मी उठून अप्पांना बोलावून दाखवलं.

मग दुकानाची यादी लावली. बॅटरी आणि कॉक ह्यांच्या जागी चौकोन आले, कारण ॲ आणि ऑ च्या मात्रांच्या समोर कन्नडमध्ये जागा रिकामी आहे, ते आवाज त्या लिपीत नाहीतच. दोऱ्या लावलं तर ऱ च्या समोरचं जे कन्नड अक्षर आलं ते आमच्या गल्लीतल्या कन्नड शाळेच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हे अक्षर हळेगन्नडमधलं, जुन्या शिलालेखांत असतं, आता कुणी लिहीत नाही. मला दोन मिनिटं कोड विसरून तेच बघत बसावं वाटलं.

हे तिन्ही नियमात बसवता आले. पण ए आणि ओ चं काय करायचं हे नियमात बसत नाही. मराठीत ए एकच, कन्नडमध्ये ऱ्हस्व वेगळा आणि दीर्घ वेगळा. ८९६ मिळवले की नेहमी दीर्घ येतो. हुक्केरीला तो बरोबर आहे, गोकाकलापण ओ दीर्घच आहे. पण बैलहोंगलचा हो ऱ्हस्व, आणि बेळगावीचा बे सुद्धा ऱ्हस्व. म्हणजे माझा तुकडा माझ्याच गावाचं नाव चुकीचं लिहितो. कानानं कन्नड ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, कोडला मात्र दुसरा कुठलाच मार्ग नाही, यादीच करावी लागते, नावामागून नाव.

ती यादी बाई आणि मी रविवारी संध्याकाळी बसून करतोय. त्या मोठ्यानं म्हणतात, मी ऱ्हस्व का दीर्घ ते लिहितो, शंका आली की त्यांच्या सासूबाई आतनं सांगतात. चिठ्ठीत लिहिलंय की हा तुकडा यादीतल्या नावांसाठीच आहे, यादीत नाव नसेल तर नुसतं ८९६ मिळवून छापू नका, विचारा. बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि बैलहोंगल तालुक्यातली गावं झाली, सौंदत्ती अर्ध्यावर आहे, रायबाग आणि रामदुर्ग राहिलेत.